वाटेतली विहीर



आज मी तुमच्याशी एका प्रश्नाबद्दल बोलणार आहे. तो प्रश्न आपल्यापैकी बरेच जण मनात बाळगून असतात, पण चारचौघांत बोलून दाखवत नाहीत. नोकरी लागली, व्हिसाची धाकधूक संपली, घराचे हप्ते सुरू झाले, मुलं शाळेत रमली. आणि मग एखाद्या रविवारी संध्याकाळी, भांडी घासून झाल्यावर, खिडकीबाहेर चार वाजताच पडलेला अंधार बघताना वाटतं, की हे सगळं झालं, आता पुढे काय? मी इथे कशासाठी आहे?

काहींचा प्रश्न याहून कडवट असतो. तिकडे डॉक्टर, वकील, शिक्षिका म्हणून नाव होतं, इथे पदवी चालत नाही. जे करायला निघालो होतो, ते दार बंदच झालं. मग आयुष्याचा हेतूसुद्धा त्या दाराबरोबर बंद झाला का?

या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या शब्दांत देण्याआधी तुम्हाला एका मराठी बाईची गोष्ट सांगते. ती आपल्यासारखीच या देशात आली होती. तिच्याही मनात एक ठरलेला बेत होता, आणि तोही मोडला होता. इंग्लंडच्या चर्चच्या पंचांगात ३० एप्रिलला जिचं स्मरण केलं जातं, ती ही बाई, पंडिता रमाबाई.

रमाबाईंचं नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी लोकांचा विरोध पत्करून आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईने मुलीला शिकवलं. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव हिंडायचं. मग १८७० च्या दशकातला दुष्काळ आला. थोड्याच महिन्यांत वडील, आई आणि मोठी बहीण उपासमारीने गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हिंडत कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी तिची विद्वत्ता पाहून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊही गेला. बिपिनबिहारी मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी लग्न झालं, मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ मध्ये पतीचंही निधन झालं. वय किती? चोवीससुद्धा पूर्ण नाही.

अशी ही विधवा पुण्याला आली, आर्य महिला समाज सुरू केला, आणि तिने ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं. कारण आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायच्या नाहीत आणि औषधावाचून मरायच्या. हेतू उत्तम होता. त्यासाठी १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन ती बोटीने इंग्लंडला आली. ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज गावी भगिनींच्या मठात तिची राहायची सोय झाली.

आणि इथे आल्यावर कळलं, की आपल्याला नीट ऐकू येत नाही. वैद्यकीचा अभ्यास या कानांनी होणार नाही.

श्रोतेहो, थोडा विचार करा. घरातलं जवळजवळ सगळं माणूस गेलेलं, परका देश, परकी भाषा, कडेवर मूल, आणि ज्या कामासाठी समुद्र ओलांडला ते कामच हातातून गेलेलं. आपल्याकडे अशा वेळी म्हणतात, तेलही गेलं, तूपही गेलं.

पण त्याच दिवसांत एक गोष्ट घडली. मठाच्या भगिनी तिला लंडनमध्ये फुलम इथे घेऊन गेल्या. तिथे त्या एक घर चालवत. समाजाने ज्यांना वाया गेलेल्या म्हणून टाकून दिलं होतं अशा बायकांना तिथे ठेवून घेत, त्यांची सेवा करत. रमाबाईंनी आयुष्यभर शास्त्रं वाचली होती. पण अशा बायकांना कुणी घरात घेतं, त्यांच्याशी मायेने बोलतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एका भगिनीला विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा त्या भगिनीने उत्तर म्हणून योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी स्त्रीची गोष्ट.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रभू येशू यहूदियातून गालीलला निघाला होता. वाटेत शोमरोन लागतं. यहूदी लोक शोमरोन्यांचा विटाळ मानायचे. दुपारची वेळ, ऊन तापलेलं. चालून दमलेला येशू एका विहिरीच्या काठावर बसला. शिष्य गावात जेवण आणायला गेले होते. तेवढ्यात एक बाई एकटीच पाणी भरायला आली. तिची पाच लग्नं झालेली, आणि आता ज्याच्यासोबत राहत होती तो तिचा नवराही नव्हता. भर उन्हात एकटीच का आली, हे आपल्याकडच्या पाणवठ्यांची गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याला सांगावं लागत नाही. येशूने तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं.

मला या गोष्टीत नेहमी दोन बाबी थांबवतात. पहिली म्हणजे, येशू त्या गावाला निघालेलाच नव्हता. त्याला जायचं होतं दुसरीकडे, ती विहीर वाटेत लागली. दुसरी बाब म्हणजे, त्याने तिला आधी काही दिलं नाही. आधी तिच्याकडे मागितलं. तोही तहानलेला होता. ज्या बाईच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं, तिला त्याने मदत करणारी केलं. पुढे ती आपली घागर तिथेच ठेवून गावात धावत गेली आणि सगळ्यांना बोलावून घेऊन आली. तोवर शिष्य जेवण घेऊन आले होते, तर येशूला भूकच नव्हती. ज्याने आपल्याला पाठवलं त्याचं काम करण्यातच आपलं पोट भरतं, अशा अर्थाचं काहीतरी तो त्यांना म्हणाला.

ही गोष्ट रमाबाईंच्या मनात घर करून राहिली. त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, वाँटेजच्या चर्चमध्ये त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

आता कुणाला वाटेल, झालं, बाप्तिस्मा झाला आणि सगळं सुरळीत झालं. तसं झालं नाही. त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकल्या, तिथे संस्कृत शिकवलं. मठातल्या भगिनींशी त्यांचे खटकेही उडाले, कारण कुणी सांगितलं म्हणून मान डोलावणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, त्यांना त्यावर संस्कृत हवं होतं. आपल्या लोकांना जी भाषा कळत नाही ती मी माझ्या अंगावर का मिरवू, असा त्यांचा रोख होता. आणि आयुष्यभर त्या शाकाहारीच राहिल्या. देव बदलला म्हणून ताट बदललं पाहिजे, असं त्यांनी मानलं नाही.

मग १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून बोलावणं आलं. आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार होत्या. त्या दोघी नात्यातल्या. ११ मार्चच्या पदवीदान समारंभाला रमाबाई हजर होत्या. जे शिक्षण आपल्याला घेता आलं नाही ते दुसऱ्या मराठी बाईने पूर्ण केलेलं बघताना त्यांना काय वाटलं असेल? त्या आनंदाने गेल्या, एवढं मात्र दिसतं. पुढच्याच वर्षी आनंदीबाई मायदेशी परतून थोड्याच महिन्यांत वारल्या. एकीचा बेत तडीला गेला आणि आयुष्य संपलं. दुसरीचा बेत मोडला आणि आयुष्य उरलं. देवाचा हिशेब आपल्या वहीत बसत नाही, एवढंच आपण म्हणू शकतो.

रमाबाई समारंभापुरत्या गेल्या होत्या. राहिल्या अडीच वर्षांहून जास्त. तिथे त्यांनी गावोगाव भाषणं दिली, बालशिक्षणाची पद्धत शिकून घेतली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या दशेवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आणि विहिरीवरच्या त्या वाटसरूसारखंच, त्यांनी मागितलं. विधवांसाठी शाळा काढायची आहे, मदत करा. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षं खर्च उचलायचं तिने कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. पुढे तिनेच धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं, आणि आपण तिला बाया कर्वे म्हणून ओळखतो. म्हणजे हिंगण्याच्या ज्या कामाचा आपण सगळे अभिमान बाळगतो, त्याचा एक धागा शारदा सदनातून जातो.

वाद झाले, तेही लपवून चालणार नाही. शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं, आणि काही मुली जाऊन बसायच्या. १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ उठला. पालकांनी मुली काढून नेल्या. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या पालकांचा धसका मला समजतो. परक्या वातावरणात आपलं मूल आपल्यापासून दुरावेल ही भीती काय असते, हे इथे राहणाऱ्या आईबापांना कुणी सांगायला नको. आणि रमाबाईंची बाजूही मला समजते. आपला जीव ज्यावर जगतो, ते दार लावून लपवायचं कसं?

त्या काळाबद्दल रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत एक गोष्ट फार प्रामाणिकपणे कबूल केली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. मंडळींनो, जन्मापासून चर्चच्या बाकावर बसणाऱ्या माझ्यासारखीला हे वाक्य झोंबतं. उपासना चुकली नाही, दशमांश चुकला नाही, नाताळची करंजी चुकली नाही. पण ज्याच्यासाठी हे सगळं, तो भेटला का?

नंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. आईबापांना दुष्काळात गमावलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी, निराधार मुलींना आणि बायकांना शेकड्यांनी घेऊन आली. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला तिने जमीन घेतलेली होती. त्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, दूधदुभतं, छापखाना सुरू केला. अंध बायकांसाठी बार्तीमय सदन, समाजाने टाकलेल्यांसाठी कृपा सदन. फुलमला जे एक घर पाहिलं होतं, त्याचं केडगावला गाव झालं.

बघा, आठवीत बसवल्यासारखं सगळं जुळतं, पण ते नंतर मागे वळून बघताना. चालताना काहीच दिसत नव्हतं. दुष्काळात आई गेली तेव्हा रमाबाईंना ठाऊक नव्हतं की उपाशी मुलीच्या डोळ्यांची ओळख पुढे कामाला येणार आहे. कान गेले तेव्हा ठाऊक नव्हतं की लेखणी हातात येणार आहे. आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल अशा सोप्या मराठीत. केडगावच्या बायकांनी खिळे जुळवले, पानं छापली. १९२१ मध्ये मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती. पुढच्या वर्षी रमाबाईही गेल्या. काम मात्र अजून चालू आहे.

आता आपल्याकडे वळते. मला जे सांगायचं आहे ते एवढंच. हेतू हा शेवटच्या स्टेशनवर ठेवलेला नसतो. तो वाटेतल्या विहिरीवर भेटतो. आणि आपण घाईत असलो तर तो दिसत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. गेल्या हिवाळ्यात आमच्या बसथांब्याजवळच्या बाकावर एक आजी बसलेल्या असायच्या. नऊवारी, वरून मुलाचा मोठा कोट, पायात मोजे आणि चपला. आपल्याकडच्याच, हे बघताक्षणी कळत होतं. मी तीन आठवडे त्यांना बघत होते आणि हसून पुढे जात होते, कारण मला चर्चमधल्या बैठकीला पोचायचं असायचं. बैठक कशाची? एकट्या वृद्धांना नाताळची भेट कशी पोचवायची, याची.

एके दिवशी मी फोनवर मराठीत बोलत होते, तेव्हा त्यांनीच हाक मारली. "अगं बाई, मराठी का तू? जरा बस की." मी बसले. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या, सांगलीकडच्या. बोलता बोलता कळलं, की रक्तदाबाच्या गोळ्या संपून आठ दिवस झाले होते. मुलाला सांगितलं नव्हतं. "त्याच्या नोकरीचं काहीतरी चाललंय, त्यात माझी कटकट कशाला?" मी म्हटलं, "आजी, आज मी तुमच्याबरोबर घरी येते." संध्याकाळी मुलगा आला, त्याला सांगितलं, त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा रक्तदाब फारच वाढलेला निघाला. वेळेवर कळलं, असं डॉक्टर म्हणाले.

वेळेवर! मी तीन आठवडे त्या बाकावरून जात होते. आणि शेवटी मी थांबले तेही माझ्या चांगुलपणामुळे नव्हे. त्यांनी हाक मारली म्हणून थांबले. त्या रात्री मी प्रार्थनेला बसले, तेव्हा प्रभूकडे मोठं काम मागायची मला लाज वाटली. मी एवढंच म्हटलं, की प्रभो, मला बाकावर बसायला शिकव.

तेव्हा ज्या बहिणींची पदवी इथे चालत नाही त्यांना मी सांगेन, की तुमचं दार बंद झालं असेल, पण तुम्हाला पाठवणाऱ्याने तुम्हाला परत बोलावलेलं नाही. परीक्षा द्या, खटपट करा, जरूर करा. पण तोपर्यंतचे दिवस हे वाट बघण्याचे नाहीत, तेही जगण्याचेच आहेत. तुमच्या इमारतीत कुणी नवी बाळंतीण असेल, कुणाला अर्ज भरता येत नसेल. आणि कधी तुम्हालाच गरज असेल, तर मागा. मागण्यात कमीपणा नाही. प्रभूने पाणी मागितलं होतं.

आईबापांना एक छोटी सूचना. रात्री जेवताना आपण मुलांना विचारतो, आज किती मार्क पडले, गृहपाठ झाला का? त्याच्या जोडीला एक प्रश्न विचारून बघा. आज वाटेत कोण भेटलं? शाळेत कोण एकटं बसलं होतं? आणि मुलांना विचारायच्या आधी स्वतः उत्तर द्या. मराठीत द्या. आपली भाषा घरात टिकावी असं वाटत असेल, तर तिच्यात नुसत्या सूचना नकोत. आपली माया, आपली प्रार्थना, आपल्या चुकांची कबुलीही मराठीत मुलांच्या कानावर पडू दे. रमाबाईंनी देवाचं वचन सोप्या मराठीत आणायला वर्षानुवर्षं खर्ची घातली. आपण रोजची दहा मिनिटं तरी घालू.

जे श्रोते ख्रिस्ती नाहीत, त्यांना मी माझ्या घरातली गोष्ट सांगितली आहे, शेजारणीने सांगावी तशी. ती तुमच्या देवघरापर्यंत न्यायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. शोमरोनी बाईने येशूला विचारलं होतं, देवाची उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमात? जागेवर अडून बसू नको, खऱ्या मनाने कर, असाच त्याच्या उत्तराचा रोख होता. गाव सोडून आलेल्या आपल्या सगळ्यांना यात दिलासा आहे.

शेवटी एक लहानशी प्रार्थना करते. ज्यांना सोबत करायची त्यांनी करावी, बाकीच्यांनी क्षणभर शांत बसावं.

हे प्रभो, आम्ही दूर आलो आहोत, आणि बऱ्याचदा घाईत असतो. जे दार तू बंद केलंस त्यासमोर रडत बसलेल्यांना धीर दे. आमच्या वाटेतल्या विहिरी आम्हाला दिसू देत. मागायची लाज आणि द्यायचा गर्व, दोन्ही काढून घे. आमच्या मुलांना आमच्या तोंडून तुझी ओळख होवो, आणि त्याआधी ती आम्हाला होवो. आमेन.

येत्या आठवड्यात एखाद्या बाकाशी थांबा, श्रोतेहो. पुन्हा भेटू. नमस्कार.